पाणी मारलेली गाडीवाट

आमच्या कॉलेजात गिअरची सायकल एकच होती. लाल रंगाची, पुढे शॉकअप असलेली, जाड खाचांच्या टायरांची. खेळाच्या खोलीत कॅरमबोर्ड आणि उंच उडीच्या गाद्या यांच्यामध्ये ती उभी असायची. तिच्याबद्दलचा नियम आमच्या क्रीडाशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, स्वतःच ठरवला होता. जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत पहिल्या तिघांत येऊन जो राज्याच्या शर्यतीला जाईल, त्याच्याकडे सायकल कॉलेज संपेपर्यंत राहील. नाही आला तर सायकल परत खोलीत, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी संधी.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा ती माझ्याकडे होती. ती परत त्या गाद्यांशेजारी जाऊन उभी राहू नये, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं.

त्याआधी माझ्याकडे शाळेत मिळालेली सायकल होती. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढच्या वर्गांसाठी दुसऱ्या गावी चालत जावं लागणाऱ्या मुलींना सरकारकडून सायकल मिळायची, तशी मला मिळाली. पुढे दप्तर ठेवायला जाळीची टोपली, मागे कॅरिअर. सकाळी कॅरिअरला दुधाची किटली अडकवून मी आमच्या म्हशींचं दूध संकलन केंद्रावर नेत असे. वडील तिथंच दुधाचं फॅट तपासायच्या कामाला होते. दूध हिंदकळू न देता खडकाळ वाटेनं सायकल चालवायची म्हणजे अंगाचा तोल चांगलाच बसतो. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सरांनी मुलींची सायकल शर्यत घेतली, तेव्हा मी त्याच सायकलवर उतरले. टोपली काढायला गेले तर तिचे नट गंजलेले. तशीच टोपलीसकट पळवली आणि पहिली आले. सरांनी सायकलकडे एकदा पाहिलं, टोपलीकडे दोनदा पाहिलं आणि मला खेळाच्या खोलीची किल्ली दिली.

सर मूळचे कबड्डीचे. डोंगरातली सायकल शर्यत त्यांनीही कधी जवळून पाहिली नव्हती. पण नाही येत म्हणून नाही शिकवायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून ते आधी स्वतः शिकायचे, पडायचे, आणि मग पँट झटकत मला सांगायचे की असं करायचं नाही. मुरमाच्या चढावर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागेवरच फिरतं. त्यासाठी सीटच्या अगदी टोकावर बसून छाती हँडलवर टेकवायची, हे आम्ही दोघं मिळून शिकलो. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मला पुस्तकं कशी वाचायची हेही तिथंच कुणीतरी शिकवलं आणि चढ कसा चढायचा हेही. दोन्हींबद्दल मला सारखंच वाटतं.

आमचं गाव संगमनेरपासून आत, डोंगराला टेकून आहे. गावाच्या एका अंगाला मुरमाड चढ, वर देवीचं देऊळ. डोंगराच्या दुसऱ्या अंगानं खाली उतरलं की काळं रान लागतं, आणि त्यातून जुनी गाडीवाट शाळेच्या पटांगणाला येऊन मिळते. मी रोज संध्याकाळी देवळापर्यंत चढून जायची. खुरपणीहून परतणाऱ्या बायका मला वाटेत भेटायच्या. एकदा त्यांतल्या एकीनं अगदी काळजीनं विचारलं होतं की एवढी चढून कुठं चाललीस, परत खालीच यायचं हाय ना? मी मान डोलवली आणि चढतच राहिले.

त्या वर्षी निवड स्पर्धेसाठी जागा शोधायचं काम सरांकडे आलं, आणि मी आमचं गाव सुचवलं. चढ आहे, उतार आहे, पटांगण आहे, असं मी सांगितलं. तिथला दगड न् दगड मला पाठ आहे हे मी सांगितलं नाही, पण सरांना ते कळत होतंच.

गावात शर्यत म्हटलं की ती माझ्या थोरल्या चुलत्यांकडे जाते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. जत्रेतली बैलगाड्यांची शर्यत वर्षानुवर्षं तेच उभी करतात. सरांनी त्यांना सगळी वाट चालून दाखवली. मुली चार फेऱ्या मारतील, सायकल बिघडली तर जिची तिनंच दुरुस्त करायची, बाहेरच्या कुणी हात लावला की ती बाद, हे सगळं समजावलं. नाना मान डोलवत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, पाहुणे किती येतील, म्हणजे स्वयंपाकाचा अंदाज धरता येईल. सर म्हणाले, स्वयंपाक नको, सगळे डबे घेऊन येतात. नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू सरांनी काहीतरी लाज वाटण्यासारखं बोलून टाकलं होतं.

शर्यत रविवारी सकाळी. थंडी होती. पटांगणात पताका लागल्या होत्या. नानांनी बैलगाडा शर्यतीचा पुकारा करणारा माणूसच बोलावला होता आणि तो त्याच्या सवयीनं बोलत होता. लाल रंगाची, दमदार, डोंगराची सवय असलेली, असं त्यानं माइकवरून म्हटलं तेव्हा तो माझ्याबद्दल बोलतोय की सायकलबद्दल, हे कुणालाच कळलं नाही.

माझ्या शेजारी श्रीरामपूरची मुलगी उभी होती. मागच्या वर्षी जिल्ह्यात पहिली आलेली. तिचे वडील तिकडच्या मिशनच्या शाळेत शिक्षक. आज रविवारची प्रार्थना चुकवली म्हणून आजी रागावलीय, असं ती हातमोजे घालता घालता मला सांगत होती. मग तिनं विचारलं, "डोंगराच्या मागं कसं आहे गं? खाली उतरल्यावर?"

शर्यतीत असं विचारलं की काही मुली भलतंच सांगतात. मी खरं सांगितलं. "काळी माती आहे, पण खडखडीत कोरडी. ब्रेक सोडून दे बिनधास्त."

झेंडा पडला. चढावर ती आणि कर्जतची एक काटक मुलगी पुढे गेल्या. मी चौथी-पाचवी होते आणि मला घाई नव्हती. माझा सगळा हिशेब उतारावर आणि त्या गाडीवाटेवर होता. कोरड्या काळ्या वाटेवर सायकल अशी पळते की पायडल मारणाऱ्यालाच मागं राहिल्यासारखं वाटतं. देऊळ ओलांडलं, उतार सुरू झाला, आणि शेवटच्या वळणावरून मला खाली गाडीवाट दिसली. ती चकाकत होती.

काळी वाट कोरडी असली की राखाडी दिसते. चकाकते ती ओली असली की.

बैलगाड्यांच्या शर्यतीआधी आमच्याकडे धावपट्टीवर पाणी मारतात. धुरळा दबतो, बैलांच्या खुरांना पकड मिळते. नानांनी पाहुण्यांच्या पोरींच्या तोंडात धुरळा जाऊ नये म्हणून पहाटेच ट्रॅक्टर जोडून टँकरभर पाणी वाटेवर सोडलं होतं. एक टँकर पुरेना, म्हणून दुसराही. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पाहुण्यांसाठी काय केलं हे सांगायचं नसतं.

काळ्या मातीचा चिखल ज्यानं पाहिला असेल त्याला पुढचं सांगायला नको. तो चाकाला लागत नाही, चढतो. टायरवर थर, थरावर थर, आणि चाक आणि फ्रेम यांच्यामधली फट भरली की चाक फिरायचं थांबतं. श्रीरामपूरची मुलगी ब्रेक सोडून पूर्ण वेगात त्यात शिरली होती. मी पोहोचले तेव्हा ती गुडघ्यांवर होती आणि सायकल तिच्यापासून लांब पडलेली. कर्जतची मुलगी सायकल ओढत होती. मागून येणाऱ्या एकेक करून आत येऊन अडकत होत्या. श्रीरामपूरच्या मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.  

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. तोंड मातीनं भरलेल्या माणसाला ते किती पटणार?

वाटेच्या कडेला उभी असलेली माणसं हळहळली. कुणीतरी उसाचं पाचट आणून चिखलावर पसरलं. आमच्याकडे ट्रॅक्टर रुतला की तसंच करतात. पण ट्रॅक्टरला उघडी चेन नसते. पाचटाची पाती गिअरच्या दात्यांत गुंडाळली गेली आणि फिरणारी दोन-चार चाकंही थांबली. मग मात्र नानांना राहवेना. धोतर वर खोचून ते चिखलात उतरले. त्यांच्यामागून दहा-बारा जण. श्रीरामपूरच्या मुलीची सायकल एकानं खांद्यावर घेतली, कर्जतच्या मुलीची चाकं दुसऱ्यानं काडीनं कोरायला सुरुवात केली. मी ओरडून सांगत होते की हात लावू नका, त्या बाद होतील. पण चिखलात अडकलेल्या लेकी बाहेर काढताना कोण ऐकतं? गंमत म्हणजे माझ्या सायकलकडे कुणीच येईना. आपल्याला मदत नकोच आहे हे विसरून मी क्षणभर रागावलेही. नाना माझ्या शेजारून दुसऱ्याच मुलीकडे निघाले होते. जाता जाता म्हणाले, "तू घरची हायेस. थांब जरा. पाहुन्या पोरींचं आधी."

पंचांची शिट्टी तेव्हा वाजली, आणि वाजतच राहिली.

पटांगणात पंच, सर आणि नाना असे तिघं उभे राहिले. नियमानं पाहिलं तर जवळजवळ सगळ्याच मुली बाद होत्या. जिच्या सायकलला कुणी हात लावला नव्हता अशी फक्त मी उरत होते. पंचांनी मला बोलावून विचारलं. क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे लाल सायकल माझ्या पडवीत उभी दिसली. मग मी सांगितलं की पाणी आमच्याच माणसांनी मारलंय, या मुलींनी मदत मागितली नव्हती, आणि एकटीच उरले म्हणून मला निवडलं तर मी राज्याला कुठल्या तोंडानं जाऊ? पंच चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी निकाल दिला. झालेली फेरी धरायची नाही. आता मुलांची ठरलेली शर्यत होईल, फक्त डोंगरावर. ती संपली की मुलींची एकच फेरी, वर मुरमाच्या रस्त्यानं आणि खाली त्याच अंगाच्या शेळ्यांच्या पायवाटेनं. गाडीवाटेचं कुणी नावही काढायचं नाही.

नाना खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग तवर पोरींनी जेवून घ्यावं."

सरांनी हळूच सांगून पाहिलं की शर्यतीआधी मुली जेवत नाहीत. पण शाळेच्या व्हरांड्यात पंगत मांडून झाली होती. लापशी, आमटी, भात. गावच्या बायका पोरींचे हात धरून पाटावर बसवत होत्या. नाही म्हणणाऱ्या मुलीच्या पानात नाही ऐकू आल्यासारखं वाढलं जात होतं. तूप वरून वेगळं. मीही बसायला गेले, तेवढ्यात नानांनी माझ्या हातात आमटीची बादली दिली.

"तू घरची हायेस. तू वाढ."

मला तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. सकाळपासून चिखल, त्यात ही बादली. पण नानांपुढे नाही म्हणायची आमच्या घरात रीत नाही. मी वाढत गेले. कर्जतची मुलगी दुसऱ्यांदा भात मागत होती आणि माझी आई मनापासून तिला वाढत होती. श्रीरामपूरच्या मुलीनं मात्र पानावर हात आडवा धरलेला. तिच्या वडिलांनी तिला दोन केळी दिली होती, तेवढ्यावरच ती बसली होती. मी तिच्यापुढे आले तेव्हा तिनं माझ्या बादलीकडे पाहिलं.

"तू पण शर्यतीत आहेस ना? मग जेव की."

"मी घरची आहे," मी म्हणाले. 

तिला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच. "म्हणजे तुझ्या गावानं तुलाही सोडलं नाही," ती म्हणाली, आणि उरलेलं एक केळं तिनं माझ्या हातात ठेवलं. बादली खाली ठेवून मी ते तिथंच उभ्या उभ्या खाल्लं.

दुपारच्या उन्हात मुलींची फेरी सुटली. पुकारा करणाऱ्याचा उत्साह अजिबात कमी झाला नव्हता. चढाच्या पहिल्या वळणावर मी सहावी होते. नंतर जे झालं ते मी माझ्या पायांचं कौतुक म्हणून सांगत नाही. संगमनेरची एक चांगली तयारीची मुलगी कूस धरून कडेला थांबली. पुढची उतरून चालायला लागली आणि मी शेजारून जाताना ढेकर देऊन सॉरी म्हणाली. श्रीरामपूरची मुलगी केव्हाच देवळापाशी होती. तिला कुणी गाठणं शक्य नव्हतं, ना जेवलेल्यानं, ना उपाशी. दुसऱ्या नंबरवर राहुरीकडची एक उंच मुलगी. तिसरी कर्जतची. तिनं दोनदा भात घेतला होता, तरी तिचे पाय चालूच होते. आजही तिची आठवण आली की मला आदर वाटतो.

देऊळ ओलांडलं तेव्हा ती माझ्यापुढे बरीच होती. पण आता शेळ्यांची पायवाट होती. शाळेच्या सुट्टीत मी त्या वाटेनं आमच्या शेळ्या आणल्या होत्या. मधे एक ओघळ आहे. माहीत नसलेला माणूस तिथं डावीकडून वळसा घेतो. शेळ्या उजवीकडच्या सपाट दगडावरून सरळ उडी मारतात. कर्जतची मुलगी डावीकडे वळली. मी सीटच्या मागे वजन टाकलं, दात घट्ट आवळले आणि शेळीच्या वाटेनं गेले. पुढचं चाक पलीकडे टेकलं तेव्हा शॉकअपनं असा आवाज केला की सायकल तुटली असंच मला वाटलं. तुटली नव्हती. पटांगणात शिरताना मी तिच्यापुढे फक्त एका सायकलीच्या अंतरानं होते. तिसरी.

त्या वर्षी मी राज्याच्या शर्यतीला गेले आणि शेवटून मोजलं तर माझा नंबर लवकर सापडला असता. तिथल्या मुलींचं तंत्र बघूनच मी थक्क झाले. परत आल्यावर सर आणि मी ते मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघून शिकत राहिलो. सायकल पदवी मिळेपर्यंत माझ्याकडे होती, आणि पुढच्या वर्षी श्रीरामपूरच्या मुलीपाठोपाठ मी जिल्ह्यात दुसरी आले. तिच्या मागं, पण चांगली दुसरी. ती अजूनही फोन करते तेव्हा आधी विचारते की वाट कोरडी आहे ना.

पण मला आठवते ती शर्यतीच्या दिवसाची संध्याकाळ. पाहुणे गेले होते. नाना आणि मी म्हशींच्या हौदापाशी सायकल धूत होतो. चिखल सुकून दगडासारखा झाला होता. मी पाणी ओतत होते आणि नाना खुरप्याच्या टोकानं फ्रेमच्या फटीतला चिखल काढत होते.  पाणी मारल्याचं त्यांना लागलं होतं हे मला कळत होतं. वेगळं काहीतरी विचारावं म्हणून मी विचारलं की नाना, तुम्ही मला वाढायला मुद्दाम लावलं का?

नानांनी खुरपं थांबवलं नाही. "शर्यतीच्या बैलाला कुनी सकाळच्या पारी पोटभर वैरन टाकतं व्हय?"

मी बादली खाली ठेवली. "मग पाहुण्या मुलींना एवढं का वाढलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या नजरेनं त्यांनी डबे आणणाऱ्या सरांकडे पाहिलं होतं, तीच ही नजर होती.

"मंग काय पाहुनं उपाशी ठेवायचं?"

मी बादली उचलून उरलेलं पाणी चाकावर ओतलं. चिखल निघाला, चाक फिरवून बघितलं, छान फिरलं. सायकल पडवीत न्यायची होती. नानांनी खुरपं पुसून ठेवलं, हात पुढे केला आणि सायकलीपाशी येऊन तसाच थांबवला.

"आता उचलू का?" त्यांनी विचारलं. "का वाजंल परत शिट्टी?"